पॅडवर आलेला निळा रंग

गाड्यांच्या रंगाला मशीनने पॉलिश करणाऱ्या त्या माणसाला गॅरेजांची सगळी गल्ली मऊमास्तर म्हणायची. गाडी कितीही ओरखडलेली येवो, हा आधी सगळ्यात मऊ पॅड घेणार, सगळ्यात बारीक कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या लेपाचे, चार थेंब टाकणार आणि हातभर जागेवर फिरवून बघणार. तेवढ्याने भागलं तर उत्तम. नाही भागलं तर आधी कंपाउंड बदलणार, मग पॅड. सगळ्यात जास्त घासणारं लोकरीचं पॅडही त्याच्याकडे होतं, पण सगळ्यात वरच्या फळीवर, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी. शेजारचा पत्रा ठोकणारा म्हणायचा, "मास्तर, तुमचे चार थेंब वाळेपर्यंत माझ्या दोन गाड्या बाहेर पडतात." मास्तर म्हणायचा, "पडतात खऱ्या, पण आठवड्यात परत येतात ना." त्याच्या बायकोचं म्हणणं असं की या माणसाने सगळं मऊपण गाड्यांवरच खर्च केलं, घरी आणायला काही उरलं नाही.

त्याचं हे खूळ समजून घ्यायला एवढं कळलं तरी पुरे. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. पॉलिश करायचं म्हणजे तो थर घासून सपाट करायचा. दर वेळी थोडा जातो, आणि गेला तो गेला. म्हणून मास्तर प्रत्येक गाडीच्या रंगाची, वरच्या थरासकट, जाडी मोजून घ्यायचा. धाकटा भाऊ मोजायचं छोटं यंत्र पत्र्यावर टेकवून आकडा पुकारायचा, मास्तर तो कागदी टेपच्या तुकड्यावर लिहून तिथेच चिकटवायचा. शेवटी सगळे आकडे गाडीच्या कार्डावर उतरायचे आणि कार्ड डब्यात जायचं. यंत्र आल्यापासून सोळा वर्षं असं चाललं होतं. धाकट्याने पुकारलेला आकडा मास्तरने कधी पुन्हा मोजला नव्हता. सख्ख्या भावाचा आकडा कोण पुन्हा मोजतो? तसा विचारही कधी त्याच्या मनात आला नव्हता.

धाकट्याला त्यानेच वाढवलं होतं. वडील गेले तेव्हा धाकटा दहा वर्षांचा होता. मास्तरने त्याला शाळेत पाठवलं, शाळेने तीनदा परत पाठवलं, तेव्हा मग स्वतःच्या हाताखाली घेतलं. पोरगा हाताने चलाख निघाला. जरा घाईचा होता, पण मास्तरला वाटायचं, वयाबरोबर उतरेल. आता बेचाळिशी आली तरी उतरली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

यंदा मास्तरच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. तीस वर्षं थरथरणारं मशीन धरून बोटं बधीर पडायला लागली होती. दोन महिने तो घरी बसला. डॉक्टर म्हणाले, हे काम फार तर आणखी एक वर्ष. तेव्हा त्याने ठरवलं की वर्षाअखेरीला दुकान धाकट्याच्या हवाली करायचं. ही गोष्ट त्याने बायकोला सांगितली आणि धाकट्याला घरी बोलावून सांगितली.

"दुकान तुझं," तो म्हणाला. "फक्त कुठल्या गाडीला घाई करायची नाही."

"नाही करणार, दादा," धाकटा म्हणाला, आणि वाकून त्याच्या पाया पडला. मास्तरचे डोळे भरून आले होते, ते त्याने चष्मा पुसण्याच्या निमित्ताने पुसले.

मास्तर दुकानात परतला त्याच आठवड्यात सिस्टरांची गडद निळी गाडी आली. सिस्टर म्हणजे प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या बाई. गाडी त्यांच्या नवऱ्याने घेतलेली. तो गेल्यापासून त्या तिला जिवापाड जपायच्या आणि मास्तरशिवाय कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत. सकाळी किल्ली धाकट्याकडे ठेवून त्या गेल्या होत्या, चारला येणार होत्या.

"बॉनेटवर ओरखड्यांचं जाळं दिसतंय म्हणाल्या," धाकट्याने सांगितलं. "मी करतो ना, दादा. तू मनगट सांभाळ."

"सिस्टरांची गाडी मीच करणार."

"अरे, पण डॉक्टरांनी सांगितलंय ना तुला."

मास्तर हसला. आपल्या दुखण्याची भावाला किती काळजी, म्हणून त्याला बरं वाटलं. त्याने टेप काढली. धाकट्याने यंत्र बॉनेटवर टेकवलं आणि पुकारलं, "एकशे बारा. एकशे दहा. एकशे तेरा." मास्तरने लिहिलं, चिकटवलं. उत्तम आकडे होते. एवढ्या वर्षांच्या गाडीला इतकी जाडी राहिली ती आपल्या हातामुळे, असं त्याला मनातल्या मनात वाटूनही गेलं.

नेहमीप्रमाणे त्याने मऊ पॅड लावलं, बारीक कंपाउंड घेतलं, बॉनेटच्या मधल्या हातभर जागेवर फिरवलं आणि पुसून दिव्याखाली बघितलं. ओरखडे कमी व्हायच्या ऐवजी वाढले होते. असं त्याने फारसं पाहिलं नव्हतं. कंपाउंड बदलून बघितलं, तर आणखी खोल रेघा वर आल्या. सिस्टरांनी कुठल्यातरी गाडी धुणाऱ्याकडे दिली असावी, असा त्याने अंदाज केला. टेपवरच्या आकड्याकडे नजर टाकली. एकशे बारा. म्हणजे भीतीचं कारण नव्हतं. त्याने पांढरं कडक पॅड उचललं, भरड कंपाउंड घेतलं, बॉनेटच्या उंच कडांवर टेप लावून त्या झाकल्या. धाकटा समोरच उभा होता, हातात फडकं घेऊन.

मशीन चौथ्यांदा त्या जागेवरून गेलं आणि मास्तरने ते झटकन उचललं. पॅड निळं झालं होतं. पारदर्शक थर शाबूत असेल तर गाडी कुठल्याही रंगाची असो, पॅडला रंग लागत नाही. पॅडवर निळं आलं म्हणजे थर संपला, खालचा रंग उघडा पडला. बॉनेटच्या मधोमध तळहाताएवढा निस्तेज डाग पडला होता. तीस वर्षांत सपाट पत्र्यावर त्याच्या हातून हे कधी झालं नव्हतं.

पहिल्यांदा त्याने मनगटाला दोष दिला. मग चष्मा लावला आणि यंत्र स्वतः उचलून डागापासून लांब, मशीन न लागलेल्या जागी टेकवलं. चौऱ्याऐंशी. शेजारी टेकवलं. शहाऐंशी. त्याने डब्यातून कार्ड काढलं. गेल्या वर्षीचे बॉनेटचे आकडे तिथे होते: एकशे बारा, एकशे दहा, एकशे तेरा. त्याच क्रमाने. फडक्यावर स्पिरिट घेऊन त्याने बॉनेटची न केलेली बाजू पुसली. वर भरलेलं ग्लेझ निघून आलं आणि लोकरीच्या पॅडच्या गोल गोल रेघा उघड्या पडल्या. ग्लेझ म्हणजे ओरखडे भरून झाकायचं मलम. मास्तरच्या दुकानात ते कधी आलंच नव्हतं.

"काय केलंस या बॉनेटला?" त्याने विचारलं.

धाकटा बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिला. "तू घरी होतास तेव्हा आणली होती. पक्ष्याची घाण पडून डाग बसला होता. निघेना, म्हणून घासायचा कागद मारला, मग लोकर फिरवली. जरा जास्त झालं. ग्लेझ लावून दिली."

"सिस्टरांनी तुला करू दिलं?"

"दादाने डाव्या हाताने केली म्हणून सांगितलं."

"आणि आज आकडे कार्डावरून वाचलेस."

"मला वाटलं, तू मऊ पॅडवरच थांबशील. नेहमी थांबतोस."

"मी कडक पॅड लावलं तेव्हा तू समोर होतास."

धाकट्याने गाडी बिघडवली याचं मास्तरला फारसं वाटलं नाही. या धंद्यात प्रत्येकाच्या हातून एखादी गाडी जाते, आणि ती कबूल केली की विषय संपतो. पण खरं सांगायला धाकट्याला अख्खी सकाळ होती. मशीन चार वेळा त्या जागेवरून जाताना तो मूग गिळून बघत राहिला. ज्याला बोट धरून चालवलं त्याने केसाने गळा कापला, असं मास्तरला वाटलं, आणि ते वाटणं मग कशानेही जाईना. तो स्टुलावर बसून राहिला, दुपारचा डबा तसाच राहिला.

चारला सिस्टर आल्या. बॉनेटजवळ उभ्या राहिल्या. मास्तर धाकट्याकडे बघत थांबला. अजूनही त्याला आशा होती. धाकटा एक खरं वाक्य बोलला असता तर मास्तरने पुढचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं असतं.

धाकटा बोलला. "दादाचं मनगट अजून बरं नाही, सिस्टर. मी सकाळपासून सांगत होतो, मी करतो म्हणून."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मास्तरला वाटलं, आपण इथून उठून सरळ घरी जावं.

"मशीन माझ्या हातात होतं, सिस्टर," तो म्हणाला. "बॉनेट नवीन रंगवून देतो. रंगवणारा चांगला आहे, ओळखू येणार नाही."

"दुसऱ्या कुणाला ओळखू येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "हे दर रविवारी बॉनेटपासून धुवायला सुरुवात करायचे." मग त्यांनी मास्तरच्या मनगटाकडे बघितलं, आणि त्यालाच धीर दिला. "हात सांभाळा, मास्तर. वय झालं आपलं." आणि चालत निघून गेल्या.

संध्याकाळी शटर ओढताना धाकटा रडला. चुकलो म्हणाला, वहिनीला सांगू नकोस म्हणाला. मास्तरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सिस्टरांनाही त्याने नंतर कधी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक लाल गाडी आली. धाकट्याने यंत्र दारावर टेकवलं आणि नेहमीपेक्षा मोठ्याने पुकारलं, "एकशे अठरा." मास्तरने टेप फाडली, पेन उघडलं, पण लिहिलं नाही. त्याने चष्मा लावला, धाकट्याच्या हातातून यंत्र घेतलं आणि त्याच जागी पुन्हा टेकवलं. एकशे अठराच होते. मग त्याने लिहिलं. पुढचा आकडा धाकट्याने पुकारलाच नाही, यंत्राकडे नुसता हात केला आणि बाजूला सरकून मास्तरला जागा करून दिली.