गवतातली खोली

फुमिए कुरोइवा यांनी गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या अतिथीगृहात चौतीस वर्षं चादरी धुतल्या. माहेरी दोन खोल्यांत नऊ माणसं, सासरी सात. स्वतःची खोली त्यांना कधी मिळाली नाही. शेवटी ती अंगणातल्या गवताने दिली.

सुसुकीचं गवत ते, पात्यांवर ससाण्याच्या पिसासारखे आडवे पिवळे पट्टे असलेलं. वीस वर्षांत ठोंब मधोमध वाळला आणि बाहेर बाहेर वाढत त्याचं कडं झालं. त्या पोकळीत फुमिएसान स्टूल टाकून बसत. शरदात रुपेरी तुरे त्यांच्या डोक्यावर डुलत. रस्त्यावरून जाताना त्या दिसत नसत, गवत तेवढं हळू गुणगुणतंय असं वाटे.

गेल्या वर्षीच्या वादळात ते कडं बाहेरच्या बाजूला लोळलं. मार्चमध्ये वाळलेली पाती कापायला उएमुरा माळी आले, तेव्हा शेजारचा मी कुंपणापाशीच होतो.

"ठोंब थकलाय, फुमिएसान. खणून, करवतीनं फोडून नव्यानं लावायला हवा. नाहीतर उरलंसुरलंही जाईल."

"आणि मी बसू कुठे?"

"घरात. माणसं घरातच बसतात."

"तुम्ही बसता वाटतं? विचारते तुमच्या बायकोला."

उएमुरा करवतीला तेल लावत राहिले.

"सेन्सेई, तुम्ही सांगा," त्या माझ्याकडे वळल्या. चाळीस वर्षं मास्तर म्हणून मी वर्गात मुलांना सांगत आलो. त्या दिवशी मी वाळलेली पाती गोळा करू लागलो.

तीन दिवस त्या कापलेल्या पात्यांच्या खुंटांमध्ये बसून राहिल्या. चौथ्या दिवशी कोंबांची लालसर टोकं वर आली. कोंब वाढले की ठोंब फोडता येत नाही; आता थांबून चालणार नव्हतं. करवतीचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं. अकरा तुकडे निघाले.

"कुंपणाशी रांगेत लावू?"

"नाही, गोल लावा. आणि दार रस्त्याकडे नको."

"पण तीन वर्षं लागतील हं, पूर्ण वाढायला."

फुमिएसान एकोणऐंशीच्या आहेत. त्या नुसत्या हसल्या.

या शरदात गवत जेमतेम कमरेला लागलं. फुमिएसान आत स्टुलावर बसल्या होत्या, डोकं, खांदे सगळं रस्त्यावरून दिसत होतं. मी हात वर केला. त्या माझ्या पलीकडच्या डोंगराकडे बघत राहिल्या, डोळे अर्धे मिटलेले.

मागून उएमुरा आले.

"कोणाला हात करताय, सेन्सेई? कोणी दिसतंय का तिथे?"

मी हात खाली घेतला.

"नाही. कोणी नाही."

आम्ही पावलं न वाजवता पुढे निघालो. मागे गवत हळू गुणगुणत होतं.