मार खाणाऱ्याला कोंडायचं नाही

ओमती बाजारातला शोभेचे मासे विकणारा घरी आला की आधी स्टूल ओढून टाकीसमोर बसतो, बोलतो नंतर. माझ्या टाकीतली मोठी क्लाउनफिश मादी लहान नराची शेपटी कुरतडत होती.

“भैया, लहान्याला वेगळा काढा, मरेल तो.”

“दीदी, मार खाणाऱ्यालाच काहून कोंडता?” असं म्हणून त्याने मादीलाच भोकांच्या डब्यात घालून टाकीत लटकवलं.

पाच दिवसांनी येऊन त्याने तिला सोडलं. ती सरळ नरावर धावली. तो आडवा होऊन थरथरू लागला. मी जाळी उचलली, ती त्याने काढून घेऊन स्वतःच पाण्यात धरली.

“थांबा. हार मानून राहिला तो. आता नाही मारणार.”

मादी खरंच वळली.

“चलो, जमलं,” तो म्हणाला. पण जाळी धरलेला त्याचा हात अजून पाण्यातच होता.