विमानतळावर पैसे बदलायचे नाहीत!

परदेशात गेल्यावर तिथले पैसे स्वस्तात कसे मिळवावेत, हे साऱ्या भोपाळात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस इंद्रपुरीत आमच्या अगदी समोर राहतो, याचा मला भारी अभिमान आहे. हे समोरचे काका कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी आपणहून हे खातं स्वतःकडे घेतलं. गल्लीतलं कुणी परदेशी निघालं, की काका फाटकात हजर! "विमानतळावरच्या खिडकीवर पैसे बदलायचे नाहीत. दिवसाढवळ्या लूट आहे ती! शहरात जायचं, बँकेचं एटीएम गाठायचं, एकदाच काय ते काढायचं. मशीन विचारेल, रुपयांत हिशेब करू का? साफ नाही म्हणायचं, त्यात भाव चढा लावतात!" बँकॉकला मधुचंद्राला निघालेल्या शेजारच्या जोडप्याकडून त्यांनी हे घोकूनच घेतलं. टॅक्सीवाला काकुळतीला येऊन म्हणाला, "अंकल, अब जाने दो, इनकी फ्लाइट छूट जाएगी." काकांनी मग त्यालाही डॉलरचा भाव समजावून सांगितला.

आणि अशात त्यांच्या पोलंडमधल्या मुलीला मुलगी झाली! काकांचे पाय जमिनीवर ठरेनात. नातीचं तोंड रिकाम्या हाताने पाहायचं नाही, हे काकूंचं म्हणणं. तिच्या मुठीत ठेवायची नोट तिथलीच, झ्लॉटीची हवी, आणि तीही चोख भावात मिळवलेली, हे काकांचं. "रुपया घेऊन काय करणार ती? उसका देश, उसका पैसा!" त्यांनी काकूंना कोपऱ्यावरच्या एटीएमवर तालमीला नेलं. काकू शिकवल्याप्रमाणे मशीनच्या प्रत्येक प्रश्नाला बाणेदारपणे 'नाही' म्हणत गेल्या आणि पैसे न घेताच बाहेर आल्या. वर म्हणाल्या, "बघा, एक पैसा कापू दिला नाही!"

पुढचं मला काकूंनीच सांगितलं. बेत असा होता, की जावई एकटा न्यायला येणार, वाटेत बँक लागते तिथे पैसे काढायचे आणि मग घरी जाऊन नात बघायची. दोघं वॉर्साच्या विमानतळावर बाहेर येतात, तर समोर दुपट्यात बाळ घेऊन मुलगीच उभी! आईबाबांना चकित करायला आलेली. "बाबा, बघा तरी!" काकांनी झटकन मफलर डोळ्यांवर ओढला आणि पाठ फिरवली. "थांब, दाखवू नकोस! माझे हात रिकामे आहेत!" असं ओरडत ते धावत सुटले, ते थेट त्याच खिडकीकडे, जिला इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या. अडीअडचणीला ठेवलेले डॉलर त्यांनी आत सरकवले आणि मिळाली ती नोट घेतली. भाव विचारलासुद्धा नाही! परत येऊन मफलर खाली केला, नोट पुढे धरली, आणि नातीने ती बोटासकट अशी पकडली की सोडेचना. काका तिथेच, सगळ्यांदेखत, हमसून हमसून रडले.

आता नात चालायला लागली आहे. काका ते फोनवर बघतात, आणि फोन ठेवला की फाटकात येऊन उभे राहतात. परवा माझी मुलगी शिकायला जर्मनीला निघाली. काका फाटकात आलेच, सगळा धडा त्यांनी तिच्याकडून म्हणून घेतला. मला हसू येत होतं. गाडी सुरू झाली तसे काका खिडकीशी वाकले आणि हळूच म्हणाले, "विमानतळावर थोडे बदलून घेच गं बेटा. समोर कोण उभं असेल, सांगता येत नाही."