किसनरावांनी काढलेला झिंग्याचा नाला

किसनराव पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढत होते. ट्रेसिंग पेपरवर निळ्या शाईनं वर्धा, धाम, यशोदा या नद्या काढायच्या, मधले तलाव रंगानं भरायचे. नद्यांची वळणं हाताला पाठ झाली होती. निवृत्त होऊन ते नालवाडीला राहायला आले, तोवर ऑफिसात कॉम्प्युटर आले होते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पुतणीला, सुरभीला, जिल्ह्यातल्या नद्या-तलावांचा डिजिटल नकाशा करायचं काम मिळालं. जुने नकाशे स्कॅन करायचे, माउसनं रेघेवर बिंदू टाकत जायचे, मग उपग्रहाच्या चित्राशी ताडून पाहायचं. एका नकाशात अल्लीपूरजवळ एक बारीक नाला होता. उपग्रहाच्या चित्रात तिथे नुसती वावरं. कोपऱ्यात सही काकांची होती. ती लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे आली.

"काकाजी, हा नाला चुकून काढला का तुमी?"

"चुकून नाई. पायी चालून पाह्यला मी तो."

अल्लीपूर त्यांच्या मामाचं गाव. लहानपणी उन्हाळाभर ते त्या नाल्यात फडक्यानं झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, धरत. पुढे नोकरीत असताना वरून आलेल्या मोजणीत नाला अर्धाच होता, म्हणून एका रविवारी ते उगमापर्यंत चालत गेले आणि त्यांनी तो पुरता काढला. एवढासा नाला कशाला, म्हणून साहेब रागावले. किसनरावांनी तो खोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं अल्लीपूरला गेली. नाला नव्हताच, त्यावरून नांगर फिरला होता. किसनराव बांधावर उभं राहून सुरभीला जुनी वळणं सांगू लागले. शेजारच्या वावरातून आनंदाबाई आल्या. लहानपणी त्याही झिंगे धरायला असायच्या. त्यांनी किसनरावांना आवाजावरून ओळखलं.

"पाऊस झाला का पाणी अजूनई इथूनच जाते," त्या म्हणाल्या. "दरसाल माती वाहून नेते, अन् आमी दरसाल भरतो."

मग दोघं म्हातारी पुढे आणि सुरभी मोबाइलवर जागा नोंदवत मागे, अशी ती ढेकळांतून उगमापर्यंत गेली. वाटेत कोण कुठे घसरलं होतं यावरून दोघांचं भांडणही झालं.

घरी आल्यावर सुरभीनं नाला तुटक रेघेनं काढायला घेतला, पावसाळ्यापुरता वाहणारा म्हणून. नावाच्या रकान्यात तिनं 'झिंग्याचा नाला' लिहिलं. किसनरावांनी माउस मागून घेतला. दोन बिंदू बरोबर पडले, तिसरा भलतीकडे गेला. सुरभीनं तो पुसला नाही. त्यांच्या हातावर हात ठेवून तिनं तो बिंदू हळूच वळणावर आणला.