ढाणकीचा दाखला

दिग्रसच्या स्टँडवर बाबांनी माझी लोखंडी पेटी पुण्याच्या गाडीत स्वतः चढवली. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. ओझ्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "पोरी, आता मांगं पाहू नोको." दादा, तू शेजारीच उभा होतास. मी खरंच मागे पाहिलं नाही, आणि त्याची फळं आता चाखते आहे.

इंजिनिअर झाले, चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात लागले. दिवसभर पार्ट तपासायचे, खोट दिसली की रिजेक्ट. नवरा म्हणायचा, "घरी तरी इन्स्पेक्शन बंद कर." तो ढाणकीचा, आपल्याच समाजाचा, माझ्यासारखाच शिकून आलेला. तरी पटलं नाही. घटस्फोट झाला तेव्हा श्रावस्ती सात वर्षांची होती. मी तोऱ्यात सांगितलं, "तुमचं आडनाव नको, तुमच्या घरचा कागदाचा कपटाही नको."

यंदा तिला मेडिकलची सीट लागली. कॉलेजनं सांगितलं, चार दिवसांत जात पडताळणीच्या अर्जाची पावती आणा, नाहीतर सीट जाईल. मी माझं प्रमाणपत्र ऐटीत पुढे केलं. कारकून म्हणाला, "मॅडम, हे तुमच्या वडिलांकडचं. मुलीच्या वडिलांकडचं लागेल." अकरा वर्षं डबे मी भरले, तिच्या तापात उशाशी मी बसले, आणि कागद कोणाचा, तर जो फोनसुद्धा उचलत नाही त्याच्या घरचा! तिथल्याच जिन्यात बसून रडले.

शेवटी ढाणकी गाठली. सासरे, म्हणजे पूर्वीचे, ओट्यावर बसले होते. धर्मांतराच्या आधीचा, जात लिहिलेला त्यांचा शाळेचा दाखला हवा होता. मी हात जोडले.

"दाखला हाये," ते म्हणाले. "पण तुह्या हाती नाही देत. पोरीले बलाव. अकरा वर्षं झाली, तिचं तोंड नाही पाह्यलं मी."

"आबाजी, वेळ नाही हो."

"मले तरी कुठं हाये?"

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रावस्ती एसटीतून एकटीच उतरली. त्यांनी तिची हनुवटी धरली. "माह्या मायसारखी दिसते." तिनं लगेच विचारलं, "अजून कोणासारखी?" ती कोणासारखी दिसते हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

दाखला घेऊन तिनं ओट्यावरच मोबाईलवर अर्ज भरला. मूळ गाव विचारलं होतं, तिथं मला न विचारता 'ढाणकी' लिहिलं. अर्जात आईच्या नावाला जागा होती, आईच्या गावाला नव्हती. निघताना म्हणाली, "आई, पहिल्या सुट्टीत मी इथं आले तर चालेल?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दादा, तू फोनवर ओरडलास, "ढाणकीले गेलती, मंग दिग्रसले काहून नाही आली?" आले असते तर तुझ्या दारात बसून रडत सुटले असते, आणि तू म्हणाला असतास, सीट तं वाचली ना? वाचली रे. पण घर म्हणजे मूल सुट्टीत जिथं परततं ती जागा, एवढंच मला आता कळतं. आणि माझी पोर माझ्याकडे येणार नाही.