तेवीस कंडेन्सर

दसरा झाला की मानोऱ्यापलीकडचा तो तांडा रिकामा व्हायला लागतो. ऊसतोडीचे ट्रक येतात. त्यांत माणसं, भांडी, कोंबड्या, शेळ्या, लेकरं सगळं चढतं. दाराला कुलूप लागतं, कुलपापुढे बोरीची फांदी आडवी पडते, आणि होळीपर्यंत त्या दारात कोणी उभं राहत नाही. मागे राहतात सात-आठ म्हातारी माणसं आणि लखीराम राठोड.

लखीराम म्हातारा नाही. बावन्न वर्षांचा आहे. पाच वर्षांपूर्वी मोळ्या रचताना ट्रॉलीवरून खाली आला आणि डाव्या पायाचं हाड मोडलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून त्याची बायको सोनीबाई आणि मुलगा नवीन या दोघांचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, जातो आणि तो घर राखतो.

त्याच्या घरात एक वस्तू अशी आहे जी आसपासच्या कुठल्याच तांड्यात नाही. माणसाच्या उंचीचं, लाकडी पेटीचं, नाणं टाकायची खाच असलेलं व्हिडिओ गेमचं मशीन. ऐन तारुण्यात लखीराम ऊसतोड सोडून पुण्याला पळाला होता. तिथं एका गेम पार्लरमध्ये झाडू मारता मारता तो मेकॅनिक झाला. अकरा वर्षं त्यानं तेच काम केलं. मग गेम लोकांच्या घरातल्या टीव्हीवर आले आणि पार्लर बंद पडलं. मालक म्हणाला, एक घेऊन जा. लखीरामनं ते कारंज्याला कापूस भरायला निघालेल्या ट्रकात टाकलं आणि तिथून टेम्पोनं घरी आणलं. सोनीबाई तेव्हा म्हणाली होती, "याच्यापेक्षा एखादं कपाट आणलं असतं तं!"

मशीनमध्ये दोन विमानं एकत्र लढतात. नवीन उभं राहायला शिकला तो त्याच पेटीला धरून. पुढं पाटावर उभा राहून तो दुसरं विमान चालवायला लागला. दर होळीला तांडा परत आला की मशीन ओसरीवर यायचं आणि दिवसभर विमानं चालवायचे दांडे पोरांच्या हातून सुटायचे नाहीत.

गेल्या वर्षी मात्र पडदा बिघडला. चित्र चारही बाजूंनी आकसलं, वरचा भाग दुमडून खाली आला आणि अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली. दसऱ्यानंतर ट्रकात चढताना नवीन म्हणाला, "बापू, पडदा नीट करून ठेव. होळीले आलो का दोघं खेळू."

नवीन बावीस वर्षांचा. बापाशी तो फारसं बोलत नसे. त्यामुळे ते एवढं वाक्य लखीरामनं जपून ठेवलं.

डिसेंबरात त्यानं मशीन उघडलं. पडद्याच्या मागची किट, म्हणजे सगळे भाग जोडलेली पाटी, धुळीनं काळी झाली होती. दोष कुठं असणार हे त्याला बघण्याआधीच माहीत होतं. कंडेन्सर. वीज साठवून एकसारखी सोडणाऱ्या या छोट्या डब्या, आतला ओलावा वाळला की निकामी होतात. काहींची डोकी फुगली होती, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग पडला होता. त्यानं ठरवलं, बदलायचे तर सगळेच.

मशीन बंद असलं तरी पिक्चर ट्यूबमध्ये वीज राहते. त्यानं पेचकसाला वायर बांधली, वायरीचं दुसरं टोक लोखंडी फ्रेमला जोडलं, आणि एक हात पाठीमागं ठेवून पेचकसाचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवलं. चट् असा आवाज झाला आणि साठलेली वीज उतरली. पुण्याच्या पार्लरमधल्या उस्तादानं शिकवलेलं होतं, दुसरा हात लोखंडाला लागला की माणूस मरतो.

मग वहीत किटचं चित्र काढलं. एकेक कंडेन्सर काढायचा, त्याच्या जागी वर्तुळ काढून आकडा लिहायचा आणि उणे बाजू पेन्सिलीनं काळी करायची. अशी तेवीस वर्तुळं. सतराव्यावर होता तेवढ्यात चार घरं पलीकडून म्हाताऱ्या कमलीबाईची हाक आली. तिच्या शेळीची मान काटेरी तारेत अडकली होती. लखीराम लंगडत गेला, तार कापली, शेळी सोडवली आणि परत येऊन राहिलेले काढले.

यादी घेऊन तो कारंज्याला रामरावकडे गेला. रामराव पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा, आता मोबाइलची कव्हरं विकतो.

"आता कोण वापरते हे?" यादी वाचत रामराव म्हणाला.

"मी."

रामरावनं अकोल्याला फोन लावला. चार दिवसांनी पार्सल आलं. एक-दोन नग त्यानं जास्तीचेही मागवले होते. "जुन्या हाताले चूक होते," एवढंच बोलला.

तीन दिवस लखीराम खिडकीपाशी बसून नव्या कंडेन्सरांना शिशाचे डाग देत राहिला. तांड्यात दुसरा आवाज नव्हता. शिसं वितळताना होणारी बारीक चरचरही ऐकू यायची. कधी त्याच्या लक्षात यायचं की सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढला नाही. मग तो मुद्दाम खोकायचा.

चौथ्या दिवशी सगळं जोडून झालं. खरं तर मेन लाइनला लावण्याआधी मध्ये बल्ब जोडून बघायची रीत आहे. कुठं शॉर्ट असला तर बल्ब पेटताच राहतो आणि किट वाचते. लखीराम ते विसरला नव्हता. त्याला फक्त घाई झाली होती. त्यानं सरळ बटण दाबलं.

दोन सेकंद काही झालं नाही. मग बंदुकीसारखा बार झाला, पांढरा धूर निघाला, आणि कागदाच्या चिंध्या त्याच्या तोंडावर उडाल्या. त्यानं अंदाजानं प्लग ओढला आणि भिंतीला टेकून खाली बसला. कान वाजत होते.

बऱ्याच वेळानं दारात काठी वाजली. सत्तरी ओलांडलेली कमलीबाई धापा टाकत उभी होती.

"लखीराम, जिवंत हाय का रे?"

"हाय याडी." याडी म्हणजे आई; तांड्यात सगळेच तिला तसं म्हणत.

"मंग बोलत काहून नाही? मी तिथून हाका मारून राह्यली!"

"आयकू नाही आलं."

ती उंबरठ्यावर बसली. धूर हातानं बाजूला करत म्हणाली, "तू गेला असता तं तुले मीच पाह्यलं असतं. दुसरं कोण हाय इथं? अन् मी काय केलं असतं? मले तं फोनबी लावता येत नाही."

लखीरामनं चहा ठेवला. थोडी साखर चुलीत सांडली. चहा झाल्यावर त्यानं तिचा बटणाचा फोन मागून घेतला आणि सोनीबाईचा नंबर दोनच्या बटणावर बसवला.

"हे दाबून धरायचं. सोनी बोलते."

"अन् काय सांगू तिले?"

"जे झालं असंन ते."

"अन् मले काही झालं तं?"

"तवा मी हाय ना."

म्हातारी हसली. बटण दाबून बघायला मात्र ती तयार झाली नाही. उगाच सोनी घाबरेल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं चूक शोधली. सतरावा. शेळीकडे जायच्या घाईत वर्तुळाची भलतीच बाजू काळी झाली होती आणि कंडेन्सर उलटा बसला होता. जास्तीच्या नगांतला एक त्यानं नीट बघून लावला, बाकीचे बावीसही पुन्हा तपासले. या वेळी मध्ये बल्ब जोडला. बल्ब लखकन पेटला आणि हळूहळू मंद झाला. शॉर्ट नव्हता; लखीरामनं बल्ब काढून मशीन सरळ लाइनला लावलं.

पडदा उजळला. आकाश काठोकाठ निळं भरलं. अक्षरं दगडात कोरल्यासारखी स्थिर होती. त्यानं खेळ सुरू केला, दोन्ही विमानं वर घेतली. त्याचं एक लढत राहिलं, दुसरं जागच्या जागी उभं राहिलं आणि गोळ्या खाऊन पडलं. तीनदा तसंच झालं. मग त्यानं मशीन बंद केलं आणि त्यावर सोनीबाईचं जुनं लुगडं पांघरलं.

होळीच्या पाच दिवस आधी सोनीबाईचा फोन आला.

"कारखाना बंद नाही झाला. ऊस उभाच हाय. होळीले जमत नाही."

"नवीन?"

"उसाच्या फडावर हाय."

त्या वर्षी तांड्याची होळी नऊ माणसांनी पेटवली. गाणं कमलीबाईनं धरलं, पण मागून सूर ओढायला गळे नव्हते. दोन कडवी झाल्यावर ती थांबली.

ट्रक आले ते होळीनंतर सोळाव्या दिवशी. लखीरामनं मशीन सकाळीच ओसरीवर ओढून ठेवलं होतं. सोनीबाई उतरली, भांड्यांचं गाठोडं उतरलं, कोंबडीची डालगी उतरली. लखीराम ट्रकाच्या मागच्या फाळक्यापाशी उभाच राहिला.

"नवीन नाही आला," सोनीबाई म्हणाली. "मुकादमाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर लागला. तिकडंच राहीन म्हणते. फोनवर सांगायची माही हिंमत झाली नाही."

"बरं हाय. कोयत्यापेक्षा बरं," लखीराम म्हणाला. त्याला ते मनापासून वाटत होतं आणि तरीही त्यानं रिकाम्या ट्रकात एकदा डोकावून पाहिलं.

दुपारी त्यानं नवीनला व्हिडिओ कॉल केला. मशीन चालू केलं आणि फोन पडद्यासमोर धरला.

"पाह्य, झालं नीट."

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. नवीन डोळे बारीक करून बघत होता.

"बापू, काळे पट्टे फिरून राह्यले त्याच्यात. झालं नाही वाटते."

"फोनमधून तसंच दिसते रे. कॅमेऱ्याले हा पडदा पकडता येत नाही. इथं एकदम साफ हाय."

"हो का? असंन मंग." मागं वळून बघत नवीन म्हणाला, "ठेवतो बापू. ट्रॉली भरली."

लखीराम फोन हातात घेऊन उभा राहिला. सोनीबाई पाय धुऊन आली होती. तिनं पदराला हात पुसले, मशीनपुढे उभी राहिली आणि दुसरा दांडा धरला. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या दांड्याला हात लावत होती.

"गोळी कोणत्या बटनानं सुटते?"

त्यानं दाखवलं. ती पाचव्या सेकंदाला मेली. "पुन्हा लाव," म्हणाली.

जूनमध्ये नवीन दोन दिवसांसाठी येऊन गेला. एकदा खेळला, चित्र चांगलं आहे म्हणाला, आणि बाकी वेळ झोपला. दसऱ्याला ट्रक पुन्हा आले. सोनीबाई या वेळी तिच्या भावजयीबरोबर कोयता करून गेली.

कंडेन्सर पडून राहिले की आतून खराब होतात. त्यांना अधूनमधून वीज द्यावी लागते. म्हणून दर सोमवारी, लाइन असली तर, लखीराम लुगडं काढतो आणि अर्धा तास मशीन चालू ठेवतो. कमलीबाई शेळी दाराशी बांधून येऊन बसते. खेळत कोणीच नाही. पडद्यावर विमानं आपली आपणच येतात आणि जातात, आणि दोघं चहा पीत त्यांच्याकडे बघत बसतात.