‘छान’ ही काही चव नाही

रियाचा फोन आला तेव्हा मी बेलव्ह्यूच्या ऑफिसमधून घरी ड्राइव्ह करत होते. “मावशी, आई इज गॉन,” एवढंच म्हणाली पोर. गाडी कशीबशी बाजूला घेतली. तिची आई, माझी मैत्रीण अलका आजारी होती, हा फोन कधीतरी येणार हेही ठाऊक होतं. तरी राग आला... भांडायलासुद्धा थांबली नाही बया! तो राग अजून गेलेला नाही.

ती पुण्याची, मी नागपूरची. अमेरिकेत बॉथेलला नव्यानं आलो तेव्हा शेजारी होतो आणि पहिल्या दिवसापासून आमचं भांडण जेवणावरून. मी पोट भरलं की उठणारी, ती एका घासावर पाच मिनिटं बोलणारी. “तू खात नाहीस, गिळतेस,” म्हणायची. गेल्या वर्षी तिला गळ्याचा कॅन्सर निघाला. रेडिएशननं जिभेची चव जाईल, परत येईल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिनं एकच विचारलं, किती दिवस थांबता येईल? थोडे दिवस मिळाले. तिचा नवरा सुधीर वैतागला. “अगं, अशा वेळी कोणी फिरायला जातं का?” “फिरायला नाही, खायला चाललेय,” ती म्हणाली. तिनं ठरवलं होतं ग्रीसचं क्रीट बेट. का, तर तिथलं काहीच आम्ही खाल्लेलं नव्हतं. “वरणभात मला आठवून खाता येईल. जे माहीत नाही, ते आत्ताच खायला हवं ना?” घरी राहून सुधीर रियाकडे बघणार होता, म्हणून बरोबर मी गेले.

हॉटेलात पोचल्या पोचल्या तिनं माझा चिवडा जप्त केला. पहिलंच जेवण गावाबाहेर, द्राक्षाच्या मांडवाखालच्या एका खाणावळीत. जवाचा दगडासारखा टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, चुरलेलं चीज आणि ऑलिव्ह तेलाची धार. सॅलडमधली एक जाडसर पानं असलेली काडी उचलून अलका ओरडली, “अगं, ही घोळ आहे! आपली घोळीची भाजी!” आणि खरंच ती घोळ होती. मालकीण आपल्या मावश्यांसारखीच आग्रही. तिसऱ्यांदा वाढायला आली, तेव्हा मी पानावर हात आडवा धरून म्हटलं, “नै, नै, नै!” तिचा चेहरा उजळला. हात बाजूला करून तिनं ताट पुन्हा गच्च भरलं. पुढच्या वेळीही तेच झालं, तेव्हा तिच्या मुलानं इंग्रजीत समजावलं, त्यांच्या भाषेत ‘ने’ म्हणजे हो. अलका हसून हसून टेबलावर आडवी झाली. “भोवली ना नागपूरची नै? पुणेरी ‘नाही’ म्हणाली असतीस तर वाचली असतीस!” मी ते सगळं संपवलं, दुसरं करणार काय?

शेवटच्या संध्याकाळी बंदरावरच्या एका झोकदार रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलं होतं. परातीएवढ्या पांढऱ्या बशीत मधोमध काहीतरी चमचाभर यायचं, आणि वेटर त्यावर भाषण करायचा. “हे चटणी-कोशिंबीर झालं, पान कधी वाढणार?” मी पुटपुटले. अलका हसली नाही. तिनं डोळे मिटले होते. मधात भिजलेलं चीज होतं, वर कसलीशी रानटी पानं. “थांब, बोलू नकोस,” म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, “यार, हे असंच राहायला हवं गं तोंडात...” मला तिच्याकडे बघवेना. मी बोटी बघत बसले.

रेडिएशननंतर चव गेलीच. सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं, म्हणायची. शनिवारी सुधीर तिला माझ्याकडे सोडायचा. मी मऊ वरणभात करायची. ती पोटासाठी चार घास ढकलायची आणि मला म्हणायची, “तू खा आणि सांग.” मी म्हटलं, छान झालंय. केवढी चिडली! “छान म्हणजे काय? छान ही काही चव नाही. आधी काय लागतं, मागून काय येतं?” मग मी शिकले. आधी तूप. मग डाळीचा गोडवा. हिंग नाकात. मीठ शेवटी, जिभेच्या कडेला... ती डोळे मिटून चावत राहायची. आयुष्यभर गिळणारी मी, पहिल्यांदा जेवत होते ती तिच्यासाठी.

सुधीर म्हणतो, ट्रिप नसती केली तर काही महिने जास्त मिळाले असते का? मला माहीत नाही. डॉक्टर नाही म्हणतात. पण मला या वसंतातला एक शनिवार आठवतो. आजार तेव्हा फुप्फुसात पोचला होता आणि तिला ते सांगितलेलं होतं. खिडकीकडच्या खुर्चीवर ती शाल गुंडाळून बसली होती. मी भातावर लिंबू पिळलं, घास घेतला आणि नेहमीसारखी सुरुवात केली, “आधी तूप...”

“थांब,” ती म्हणाली. तिची जीभ हळूच हलत होती. डोळे भरून आले होते. “आंबट आहे गं. आंबट! मागून थोडं कडू, सालीचं... तू गप्प बस. आज मी सांगते.”